मॅच चालू आहे, मग डिशवर का दिसत नाही? कॉलेज बास्केटबॉलबद्दल वाचकांचे प्रश्न

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल सुरू होतं ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत चालतं. या पाच महिन्यांत इथल्या मराठी घरांतून येणाऱ्या पत्रांत एकच गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा असतं: दर महिन्याला पैसे भरतो, छपरावर डिश आहे, मॅच चालू असल्याचं फोनवर कळतंय आणि टीव्हीवर मात्र कोरा पडदा. त्यातले काही प्रश्न आज घेतो.

प्रश्न : मुलगी पर्ड्यूला शिकते, आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. डायरेक्टीव्ही या डिश कंपनीचं मोठं पॅकेज घेतलंय, त्यात बिग टेन नेटवर्कही आहे. तरी दर महिन्याला दोन-तीन मॅच कुठेच सापडत नाहीत. आमच्या भागात ब्लॅकआउट आहे का?

बहुतेक वेळा नाही. ब्लॅकआउट म्हणजे एखादी मॅच ठरावीक भागापुरती मुद्दाम अडवणं. तुम्ही ज्याला ब्लॅकआउट म्हणताय, त्या मॅच सॅटेलाइटवर कोणाच्याच घरी येत नाहीत.

आधी हक्क कोणाकडे असतात ते सांगतो. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचे टीव्ही हक्क एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था, स्वतःच्या ताब्यात ठेवत होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी ती मक्तेदारी मोडली. तेव्हापासून प्रत्येक कॉन्फरन्स, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, आपापला सौदा करते, आणि बास्केटबॉलच्या नियमित हंगामातही तेच चालतं. एनसीएएच्या हातात उरली ती मार्चमधली स्पर्धा.

पर्ड्यूची कॉन्फरन्स बिग टेन. तिचा सध्याचा सौदा २०२२ मध्ये जाहीर झाला. फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी असे त्यात तीन भागीदार आहेत. एनबीसीच्या वाट्यातल्या पुरुषांच्या बऱ्याच मॅच फक्त पीकॉकवर जातात. पीकॉक हे स्ट्रीमिंग ॲप आहे. डिशला त्याचा सिग्नल येतच नाही, त्यामुळे पॅकेज कितीही वरचं घेतलंत तरी त्या मॅच मिळणार नाहीत. आणि वर्षानुवर्षं बिग टेन दाखवणारी ईएसपीएन या सौद्यात नाही, म्हणून जुन्या सवयीने तिथे शोधणारे हमखास फसतात.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. मॅच कुठे दिसणार हे तुमच्या टीमवरून ठरत नाही, यजमान कोण आहे त्यावरून ठरतं. पर्ड्यू स्वतःच्या मॅकी अरीनात खेळत असेल तर बिग टेनचे भागीदार. पर्ड्यू अलाबामाला खेळायला गेली तर हक्क अलाबामाच्या कॉन्फरन्सचे, एसईसीचे, म्हणजे ईएसपीएनचं कुटुंब. नोव्हेंबरात हवाईतल्या माउईसारख्या तटस्थ ठिकाणी स्पर्धा असते, तिथे स्पर्धेच्या आयोजकाने ज्याला हक्क विकले तो दाखवणार. हे एकदा लक्षात आलं की निम्मी शोधाशोध संपते.

हंगामाआधी विद्यापीठाच्या ॲथलेटिक्सच्या संकेतस्थळावर वेळापत्रक येतं. ते छापून घ्या. प्रत्येक मॅचपुढे यजमान लिहा, त्यापुढे यजमानाची कॉन्फरन्स, त्यापुढे चॅनल. पीकॉकच्या मॅचना वेगळ्या रंगाची खूण करा. मग दिसेल की त्यातल्या बऱ्याचशा एखाद-दोन महिन्यांत दाटीने आल्या आहेत. तेवढेच महिने पीकॉक घ्या आणि बंद करा, वर्षभर पैसे भरण्याचं कारण नाही. काही मॅचपुढे चॅनल ‘नंतर कळवू’ असं असतं. त्या दर आठवड्याला पुन्हा तपासाव्या लागतात, याला पर्याय नाही. नोव्हेंबरातल्या एखाद-दुसऱ्या दुबळ्या प्रतिस्पर्ध्याबरोबरच्या मॅच टीव्हीवर न येता बी-वन-जी प्लस या बिग टेनच्याच सशुल्क सेवेवर जातात. मुलगी खेळाडू असेल किंवा बँडमध्ये वाजवत असेल तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

प्रश्न : मी साताऱ्याचा, निवृत्त शिक्षक. सध्या नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात मुलाकडे आहे. नातवाबरोबर ड्यूक विद्यापीठाच्या मॅच बघायची गोडी लागली आहे. पण अधूनमधून पडद्यावर नुसता एक आकडा येतो, कधी ७२१ तर कधी ७७१. मुलगा कामावर असतो. आम्ही दोघांनी काय करायचं?

सर, तो आकडाच तुमच्या कामाचा आहे, म्हणून आधी कागदावर लिहून ठेवा. डायरेक्टीव्हीच्या बॉक्सवर ७७१ म्हणजे डिशकडून सिग्नल येत नाही: पाऊस, बर्फ, सैल झालेली वायर किंवा हललेली डिश. इथे मॅचच्या हक्कांचा काही संबंध नाही. मोठं वादळ असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा, बहुधा आपोआप सुरू होतं. आकाश निरभ्र असूनही ७७१ दिसला तर दुसरं चॅनल लावून बघा आणि मुलाला फोन करा. छपरावर चढायचं नाही, तुम्हीही नाही आणि नातवानेही नाही.

७२१ चं तसं नाही. सिग्नल व्यवस्थित येतोय, पण ते चॅनल किंवा तो कार्यक्रम दाखवायची परवानगी तुमच्या बॉक्सला नाही. एक तर चॅनल तुमच्या पॅकेजमध्ये नाही, किंवा ती मॅच तुमच्या भागापुरती अडवली आहे. दोन्हीतला फरक ओळखायला सोपं आहे. मॅच संपल्यावर तेच चॅनल पुन्हा लावा. दुसरा कार्यक्रम नीट दिसला तर अडवणूक फक्त मॅचची होती. तेव्हाही ७२१ च असेल तर पॅकेजमध्येच ते चॅनल नाही, आणि मुलाला फोनवर नेमकं तेवढंच सांगा. ७२७ आला तर प्रश्नच नाही, तो खेळाच्या ब्लॅकआउटचाच आकडा आहे.

ड्यूक एसीसी या कॉन्फरन्समध्ये आहे, म्हणून घरच्या मॅच ईएसपीएन (२०६), ईएसपीएन टू (२०९), ईएसपीएन-यू (२०८) किंवा एसीसी नेटवर्क (६१२) इथे बघा. शिवाय २०२३ पासून एसीसीच्या काही मॅच सीडब्ल्यूवर येतात. ते स्थानिक चॅनल आहे, साध्या अँटेनावरही फुकट दिसतं. वेळापत्रकात ‘एसीसी नेटवर्क एक्स्ट्रा’ असं लिहिलं असेल तर ६१२ वर शोधू नका. नाव सारखं असलं तरी ते चॅनल नाही. ती मॅच ईएसपीएनच्या ॲपमध्ये लागते आणि तिथे मुलाच्या डायरेक्टीव्ही खात्याचा लॉगिन चालतो. एका रविवारी त्याच्याकडून तो टीव्हीत भरून घ्या, पुढे तुम्हाला कोणावर अवलंबून राहावं लागणार नाही.

प्रश्न : डॅलसला राहतो. एक दिवस ईएसपीएन आणि एसईसी नेटवर्क दोन्ही एकदम गायब झाले होते. पुन्हा तसं झालं तर कंपनी बदलावी का?

याला वाहिनी आणि वितरक यांच्यातलं भांडण म्हणायचं. करार संपतो, नव्या दरावर एकमत होत नाही आणि चॅनल काढून घेतली जातात. ईएसपीएन डिस्नीच्या मालकीची आहे. १ सप्टेंबर २०२४ ला डिस्नीची सगळी चॅनल डायरेक्टीव्हीवरून गेली ती १४ सप्टेंबरला परत आली. २०२५ मध्ये ३० ऑक्टोबरला तेच यूट्यूब टीव्हीवर झालं आणि १४ नोव्हेंबरला मिटलं. म्हणजे डिश सोडून स्ट्रीमिंगला गेलात तरी सुटका नाही. म्हणून घाईने कंपनी बदलू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. अशी भांडणं बहुतेक काही आठवड्यांत मिटतात, कारण दोघांचंही नुकसान होत असतं.

बहुतेक म्हटलं, नेहमी नाही. पॅक-१२ या पश्चिमेकडच्या कॉन्फरन्सचं नेटवर्क २०१२ मध्ये सुरू झालं आणि २०२४ मध्ये बंद पडलं. एवढ्या काळात डायरेक्टीव्हीशी त्याचं एकदाही जमलं नाही. त्या कॉन्फरन्समधल्या यूसीएलए आणि ॲरिझोनाच्या चाहत्यांनी बारा वर्षं त्याची झळ सोसली. ग्राहकाला या भांडणात बसायला खुर्चीच नसते, आणि मला याचा खरोखर संताप येतो. चॅनल बंद असलेल्या दिवसांची वजावट बिलात मागा. फोन करून मागितल्याशिवाय ती सहसा मिळत नाही.

तुमच्या हातात असलेला उपाय म्हणजे छपरावरचा किंवा खिडकीतला साधा अँटेना. सीबीएस, फॉक्स, एनबीसी, एबीसी आणि सीडब्ल्यू ही चॅनल हवेतून फुकट येतात आणि तिथे कोणी मध्ये पडू शकत नाही. १९९२ च्या केबल कायद्याने स्थानिक केंद्रांना वितरकाकडून मोबदला मागायचा हक्क दिला. ‘पैसे मागायचे की फुकट दाखवायला लावायचं’ ही निवड त्यांना दर तीन वर्षांनी करावी लागते आणि चालू चक्र डिसेंबर २०२६ अखेर संपतं. असे कितीतरी करार नेमके ३१ डिसेंबरला संपतात, म्हणजे कॉन्फरन्सच्या मॅच ऐन भरात येण्याच्या तोंडावर. अँटेना त्याआधी लावून चॅनल स्कॅन करून ठेवा.

प्रश्न : पूर्वी न्यू जर्सीत असताना मार्च मॅडनेस, म्हणजे एनसीएएच्या मार्चमधल्या स्पर्धेसाठी डायरेक्टीव्हीचं वेगळं पॅकेज घ्यायचो. आता ते कुठे मिळेल?

मिळणार नाही, आणि गरजही नाही. २०१० पर्यंत जवळजवळ सगळी स्पर्धा सीबीएसवर होती. तुमच्या भागातलं केंद्र एका वेळी एकच मॅच दाखवायचं आणि बाकीच्या त्या पॅकेजमध्ये मिळायच्या. जी मॅच स्थानिक केंद्रावर चालू असेल ती पॅकेजच्या चॅनलवर बंद असायची, हे तुम्हाला आठवत असेल. २०११ पासून सीबीएस आणि टर्नर या वाहिनी-समूहाचा एकत्र करार आहे आणि सगळ्या ६७ मॅच देशभर सीबीएस, टीबीएस, टीएनटी आणि ट्रू टीव्ही या चारांवर येतात. ट्रू टीव्ही एरवी कोणी लावत नाही, त्यामुळे तो कितव्या नंबरवर आहे तेच माहीत नसतं. डायरेक्टीव्हीवर २४६. एक बारकावा: अंतिम सामना आलटून पालटून येतो, विषम वर्षी सीबीएसवर आणि सम वर्षी टीबीएसवर. म्हणजे निव्वळ अँटेनावर अवलंबून असलेल्यांना तो एक वर्षाआड दिसतो.

नियमित हंगामासाठी असलेलं ईएसपीएन फुल कोर्ट हे पॅकेजही २०१५ मध्ये त्या नावाने संपलं आणि ईएसपीएन कॉलेज एक्स्ट्रामध्ये मिसळलं.

प्रश्न : भारतात महत्त्वाची क्रिकेट मॅच दूरदर्शनवर दाखवावीच लागते. इथे असा कायदा का नाही? शिवाय ब्लॅकआउटवर सरकारने बंदी घातल्याचं वाचलं होतं. (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

भारतातला कायदा २००७ चा. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल हक्कदाराने प्रसार भारतीला द्यायचा. पण तिथेही मेख आहे. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तो सिग्नल फक्त दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणासाठी आणि फ्री डिशसाठी. म्हणूनच गावाकडे फ्री डिशवर मॅच रंगलेली असते, आणि शहरात खासगी डीटीएचवर तेच दूरदर्शन लावलं तर मॅच नसते. तुमच्या घरच्यांनी हा अनुभव घेतला असेल. तो ब्लॅकआउटच आहे.

अमेरिकेत सामना दाखवायला भाग पाडणारा असा कायदा नाही. तुम्ही वाचलंत ते एफसीसी, म्हणजे प्रसारणाचं नियमन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या १९७५ च्या नियमाबद्दल. संघाने किंवा लीगने स्थानिक केंद्रावर एखादा सामना अडवला तर केबलनेही तो त्या भागात दाखवायचा नाही, असा तो नियम होता, आणि पुढे तो सॅटेलाइटलाही लावला गेला. गाजला तो मुख्यतः एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या तिकिटं न खपलेल्या सामन्यांमुळे. सप्टेंबर २०१४ मध्ये एफसीसीने तो एकमताने काढून टाकला. पण खासगी करारातल्या अटींना सरकारने हात लावला नाही, आणि कॉलेज बास्केटबॉलमधली अडवणूक तिथूनच येते.

याच संदर्भात बरेच जण मला एक युक्ती विचारतात: कंपनीला दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकांचा पत्ता द्यायचा का? देऊ नका. ते कराराचं उल्लंघन आहे, आणि उपयोगही अर्धाच. सॅटेलाइट स्थानिक चॅनल छोट्या भागापुरत्या झोताने पाठवतो, त्या झोताबाहेर तुमच्या डिशला ती येणारच नाहीत.

प्रश्न : मार्चच्या सुरुवातीला दुपारी ठरावीक वेळी दोन-तीन दिवस चित्र फुटतं. कोलंबस, ओहायो. तंत्रज्ञ येतो तेव्हा सगळं ठीक असतं.

डिश बदलायला पैसे घालवू नका. विषुवदिनाच्या आधी काही दिवस सूर्य दुपारी नेमका तुमच्या सॅटेलाइटच्या मागून जातो आणि डिशमध्ये सिग्नलपेक्षा सूर्याचाच गोंगाट जास्त शिरतो. काही मिनिटांचा खेळ, रोज जवळपास त्याच वेळी. ऑक्टोबरातही होतो. वाईट एवढंच की मार्चमध्ये तो कॉन्फरन्स स्पर्धांच्या दुपारच्या मॅचवर येतो. तेवढ्यापुरतं त्या चॅनलचं ॲप फोनवर लावा.

प्रश्न : मुलींच्या मॅच रेकॉर्डिंगला लावल्या की शेवटची पाच मिनिटं कापली जातात. आयोवा सिटी.

तुम्ही आयोवाच्या, म्हणजे ही पाच मिनिटं किती मोलाची ते तुम्हाला सांगायला नको. २०२४ च्या आयोवा-साउथ कॅरोलायना अंतिम सामन्याला १.८ कोटींहून जास्त प्रेक्षक होते, पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त. तोही एबीसीवर, म्हणजे अँटेनावर फुकट.

गाइडमध्ये मॅचला दोन तास दिलेले असतात. खेळ चाळीस मिनिटांचा असला तरी फाउल आणि टाइमआउट धरून दोन तास सहज उलटतात, ओव्हरटाइम वेगळा. रेकॉर्डिंग लावताना शेवटची वेळ एक तासाने वाढवा. आधीची मॅच लांबली तर तुमच्या मॅचची सुरुवात बऱ्याचदा भावंड चॅनलवर ढकलतात: ईएसपीएन टूची ईएसपीएन न्यूजवर, किंवा उलट. म्हणून त्या वेळेला दोन्ही चॅनल रेकॉर्डिंगला लावा. आणि ‘सीरिज’ म्हणून लावू नका. गाइडमध्ये सगळ्या मॅचचं नाव नुसतं ‘कॉलेज बास्केटबॉल’ असतं, बॉक्स सगळ्याच भरून ठेवतो आणि जागा संपली की जुनं आधी पुसतो.