‘उपदंश’मधला दंश कोणाचा?

प्रश्न असा आला आहे: ‘परमा’ आणि ‘उपदंश’ ही एकाच रोगाची नावं ना, एक बोलीतलं आणि एक संस्कृत?

नाही. परमा म्हणजे गनोरिया. आजच्या वापरात उपदंश म्हणजे सिफिलिस, बोलीतली ‘गरमी’. जंतू वेगळे, औषधंही वेगळी. परम्यात लघवीला आग होते, पू येतो, तोही बहुधा शरीरसंबंधानंतर आठवड्याच्या आत. त्याला ‘उन्हाळी लागली’ म्हणून ताक पीत बसणारे आणि ‘गरमी’ या नावाला भुलून सब्जा-गुलकंद सुचवणारे, दोघांनाही हात जोडावेत. गरमीचा चट्टा साधारण तीन आठवड्यांनी उठतो. तो कडक असतो, दुखत नाही आणि महिना-दीड महिन्यात आपणहून बुजतो. रोग मात्र अंगातच राहतो. पुढे तळहातांवर, तळपायांवरही पुरळ उठतं.

परमा आला ‘प्रमेह’वरून, त्यात फार काही नाही. खरी मजा ‘उपदंश’मध्ये आहे. दंश् म्हणजे चावणे, आणि संस्कृतात उपदंश म्हणजे चक्क तोंडी लावणं! मद्याबरोबर जे चावून खायचं ते, म्हणजे आपला चखणा. रोगाच्या नावातही चावणंच आहे: सुश्रुताने उपदंशाच्या कारणांत नखांच्या आणि दातांच्या जखमा सांगितल्या आहेत, आणि प्रकार पाच. म्हणजे गुप्तांगावरच्या नाना जखमा-व्रणांचं ते सामायिक नाव. कोशकारांनी ते उचलून एकट्या सिफिलिसला चिकटवलं, ही माझ्या मते शुद्ध घाई. सोळाव्या शतकातल्या भावमिश्र या वैद्याने आपल्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात उपदंश वेगळा ठेवला आणि नव्या रोगाला ‘फिरंग’ म्हटलं, कारण तो फिरंग्यांच्या संसर्गाने येतो. मराठीत फिरंग म्हणजे तलवारही, कारण तिचं पातं युरोपातलं. इतका नेमका शब्द हाताशी असताना आपण चखणा धरून बसलो.

हां, प्रश्न परम्याचा होता. गरमीसाठी रक्ताची व्हीडीआरएल ही तपासणी करतात. सुरुवातीच्या अवस्थेत बेन्झाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटांचं इंजेक्शन एकदाच पुरतं. परमा या रक्ततपासणीत दिसत नाही, त्याला लघवीची किंवा स्रावाची तपासणी लागते. जोडीदाराचे उपचारही सोबतच व्हायला हवेत, नाहीतर रोग फिरून येतो. बायकांमध्ये परम्याची लक्षणं अनेकदा दिसतच नाहीत, म्हणून ‘पू नाही म्हणजे परमा नाही’ हेही चूक.