गावातले म्हातारे शहरातल्यांपेक्षा सकस खातात, हे खरं का?

कोणते म्हातारे, त्यावर आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, जवसाची चटणी, हिवाळ्यात सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी हे आमच्याकडचं जेवण खरं, पण ते ज्याच्या घरी वावर, म्हणजे शेत आहे त्याच्या ताटात. कपाशीत तुरीच्या ओळी असतात, म्हणून त्याच्या कोठीत वर्षाची डाळ असते. जन्मभर मजुरी केलेला बुढा तीच डाळ दुकानातून पावशेर आणतो आणि वरणात पाणी वाढवतो. ज्वारीचंही तेच. एकेकाळी मजुरी ज्वारीत मिळायची. मग कपाशी-सोयाबीननं वावरं धरली आणि गरिबाची भाकर जाऊन रेशनचा गहू-तांदूळ आला.

त्या रेशनमुळे चूल पेटते, हे कोणी नाकारत नाही. पण हिशेब करा. माणशी महिन्याला ५ किलो धान्य. ५० किलो वजनाच्या माणसाला रोज ४० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, त्यातली निम्मीही यातून निघत नाहीत. बाकीची डाळ, दूध, अंड्यातून यायची. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १५०० रुपये मात्र औषधं आणि किराण्याची उधारी यांतच संपतात.

सगळं पैशावरही ढकलू नका. चांगल्या खात्यापित्या घरातही बुढी सगळ्यांच्या मागून जेवते, आणि तोवर वरणाचं पाणीच उरलेलं असतं. त्यात एकादशी, चतुर्थी, सोमवार. उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, पोट भरतं एवढंच.

दातांचं तर कोणी विचारतच नाही. दात गेले की भाकर सुटते, शेंगदाणे सुटतात, आणि चहात बुडवलेला टोस्ट हेच जेवण होऊन बसतं. कवळी ज्याला परवडते तो बसवून घेतो.

घरी म्हातारं माणूस असेल तर ज्वारीच्या कण्या शिजवा, त्या बिनदातानंही खाता येतात. पावसाळ्यात तरोट्याची (टाकळ्याची) कोवळी भाजी फुकट मिळते. (हल्लीच्या पोरांना ती ओळखता येत नाही, हा वेगळा विषय.) बीपी असेल तर लोणचं कमी करा. कोंबड्या असतील तर सगळीच अंडी विकू नका. आणि घरात जो कोणी वाढतो त्याला सांगा, बुढीच्या वाटीत घट्ट वरण आधी काढून ठेवायचं, मग पातेलं बाकीच्यांपुढे न्यायचं.