मॅडम, पॉडकास्ट सोडू की कादंबरी?

मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे हल्ली वेगवेगळ्या रूपात येतो. नोकरी सांभाळून दोन-दोन छंद चालवणारी मंडळी येतात आणि म्हणतात दोन्ही अर्धवट राहतायत, कुठलं सोडू ते तुम्हीच सांगा. कुणाचं भजनी मंडळ आणि यूट्यूब चॅनल, कुणाचं नाटक आणि एमएची परीक्षा. आज जिच्याबद्दल लिहितेय तिची पहिली कादंबरी होती आणि एक पॉडकास्ट. तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, गाव कुठलं ते विचारू नका, गोव्यातल्या साखळी-डिचोली या खाणपट्ट्यातलं कुठलंतरी समजा.

तिशी ओलांडलेली मुलगी, लग्न नाही, आईबाबांसोबत राहते, ऑफिस पणजीत. बसचा जाण्यायेण्याचा वेळ धरला तर दिवसातले अडीच-तीन तास तिथेच संपतात. कादंबरी मराठीत लिहितेय आणि पॉडकास्ट कोंकणी-मराठी मिसळून, घरात बोलतात तसा. पॉडकास्टमध्ये ती खाणपट्ट्यातल्या लोकांना बोलतं करते, म्हणजे खनिजाचे ट्रक चालवलेले ड्रायव्हर, मांडवीतून मुरगावपर्यंत माल नेणाऱ्या बार्जवरचे खलाशी, खाणीच्या रस्त्यावर चहा-भजी विकणारी एक मावशी. दर शुक्रवारी एपिसोड. आणि कादंबरी कसली, तर एका ट्रकवाल्याच्या घराची. बापाने कर्ज काढून ट्रक घेतलाय आणि सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाचीही बंदी आली, मग ट्रक दारात उभा तो उभाच. नंतर २०१५ च्या सुमारास थोडं सुरू झालं आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद. आमच्याकडे या तारखा लोकांना घरच्या वाढदिवसांसारख्या पाठ आहेत.

पहिल्या भेटीला ती एक्सेलमध्ये रंगवलेलं टाइमटेबल घेऊन आली. पहाटे पाचला उठून कादंबरी, रात्री दहानंतर एडिटिंग, रविवारी रेकॉर्डिंग. म्हणाली, मॅडम, हे चार दिवस चालतं आणि मग मोडतं, माझ्यात शिस्तच नाही. मी म्हटलं, ज्या बाईला पावणेसातची बस धरायचीय तिला पाचला उठून कादंबरी लिहायला सांगणारा माणूस बसने जात नसणार. हे पहाटे उठण्याचं फॅड मला मुळीच पटत नाही, झोप कापून लिहिलेलं पान पुढच्या आठवड्यात बहुतेक वेळा फाडावंच लागतं.

वेळेचा प्रश्न खराच होता, ते नाकारत नाही. अर्ध्या तासाच्या एपिसोडला एडिटिंगचे तीन-चार तास सहज जातात, पाहुण्याचे आं-ऊं काढा, मागे भुंकणारा कुत्रा काढा, आवाज सारखा करा, मग पोस्टर, मग आलेल्या मेसेजना उत्तरं. मे महिन्यात तर पंखा बंद करून रेकॉर्डिंग करायचं म्हणजे घामाने भिजणं. आणि हे दर आठवड्याला. शिवाय एक गोष्ट तिने धरलीच नव्हती, पॉडकास्ट शुक्रवारी संध्याकाळी उत्तर देतो, कुणीतरी लिहितं की ताई रडवलंस, आणि कादंबरी दोन वर्षं तोंडातून शब्द काढत नाही. दमून घरी आलेलं माणूस कुणाकडे जाणार? जो बोलतो त्याच्याकडेच ना. याला आळस म्हणत नाहीत.

तरी मला काहीतरी जुळत नव्हतं, कारण तीच सांगत होती की मधे सलग सुट्ट्या होत्या, पॉडकास्टला पण ब्रेक होता, आणि तेव्हाही कादंबरी तसूभर हलली नाही. म्हणून विचारलं, शेवटचं पान कधी लिहिलंस? तिला बरोबर आठवत होतं. ट्रकच्या एपिसोडच्या आदल्या रविवारी.

एका आठवड्यात पाहुणा आयत्या वेळी आला नाही म्हणून तिने एकटीनेच एपिसोड केला होता, स्वतःच्या बाबांच्या ट्रकवर. कर्ज, ताडपत्री घालून ठेवलेला ट्रक, हप्त्यासाठी घरी आलेला माणूस, आईने मोडलेल्या बांगड्या, सगळं सांगितलं. शेवटी हेही सांगितलं की मी यावर कादंबरी लिहितेय. तिचा सगळ्यात जास्त ऐकला गेलेला एपिसोड तो. पाठोपाठ अभिनंदनं, कादंबरी कधी येतेय म्हणून मेसेज. आणि लिहायला बसलं की तेच प्रसंग शिळे वाटायचे, एकदा सांगून झालेत, लोक रडूनही झालेत, आता परत कशाला.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ चा एक अभ्यास मी अशा वेळी सांगते. कायद्याच्या विद्यार्थ्यांमध्ये ज्यांचा चांगला वकील व्हायचा इरादा दुसऱ्या कुणीतरी ऐकून घेतला होता, ते नंतर प्रत्यक्ष कामाला कमी वेळ देत होते, कारण नुसती दखल घेतली गेली की आपण ते झालोच असं मनाला वाटायला लागतं. प्रयोग छोटेच, त्यावरून सगळ्या जगाचा नियम काढू नये, पण तिला ते ऐकून एकदम हसू आलं, म्हणाली मॅडम, मी तर दोन महिने लेखिका होऊन फिरतेय.

तर या दोन कामांचं भांडण वेळेवरून कमी आणि मालावरून जास्त होतं. दोघांनाही तीच गोष्ट हवी होती आणि जो आधी बोलला त्याने ती संपवली. दुसऱ्या एका मुलाचा पॉडकास्ट क्रिकेटवर होता आणि कादंबरी भुताखेतांची, त्याला मी फक्त एपिसोड पंधरा दिवसांतून एक कर आणि झोप पूर्ण घे एवढंच सांगितलं, त्याचं तेवढ्यात भागलं. म्हणून सगळ्यांना एकच औषध देता येत नाही.

खरी गोष्ट अजून यायची होती. आमच्या धंद्यात महत्त्वाचं वाक्य बऱ्याचदा पर्स उचलता उचलता येतं. तिसऱ्या भेटीत निघताना म्हणाली, बाबा पण हल्ली बोलत नाहीत. मी म्हटलं बस जरा. झालं होतं असं की बाजारात कुणीतरी बाबांना म्हटलं, तुमच्या ट्रकाची गोष्ट मोबाइलवर ऐकली हो. बाबांना पत्ताच नव्हता. घरी येऊन एवढंच म्हणाले, "म्हाका एक फावट विचारपाक जाय आशिल्लें." म्हणजे, मला एकदा विचारायला हवं होतंस. तेव्हापासून जेवताना जुन्या गोष्टी बंद. आणि ट्रिप कशा मोजायच्या, जेटीवर रांगेत रात्र कशी काढायची, हे सगळं कादंबरीत येत होतं ते बाबांच्याच तोंडून. म्हणजे टाइमटेबलमध्ये कितीही रंग भरले असते तरी पान हलणार नव्हतं.

तिला वाटत होतं की एपिसोड गुपचूप काढून टाकला की मिटेल. मी तसं करू दिलं नाही, कारण तोही निर्णय परत बाबांना न विचारताच झाला असता. तिने जाऊन सरळ माफी मागितली आणि विचारलं, ठेवू की काढू. ते दोन दिवस गप्प, मग म्हणाले राहू दे, पण हप्तेवाला आणि बांगड्या काढ. तिने तेवढा भाग कापून परत अपलोड केला. कादंबरीतलं काय त्यांच्या आयुष्यातून येणार हेही तिने तेव्हाच सांगून टाकलं. वाचणार का विचारलं तर नको म्हणाले, तो त्यांचा हक्क.

मग मालाची वाटणी केली. एक वही, त्यात जे लिहिलंय ते पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत माइकसमोर बोलायचं नाही, मैत्रिणीला व्हॉइस नोटवर सुद्धा नाही. आणि पाहुण्यांनी गप्पांत विश्वासाने सांगितलेलं विचारल्याशिवाय कादंबरीत उचलायचं नाही. यात मी कडक आहे, तिने पुष्कळ हुज्जत घातली, लेखक असंच करतात म्हणाली. करत असतील.

वेळेचं उत्तर मात्र पावसाने दिलं. घराला पत्रे, जून लागला की त्यावरचा आवाज एवढा की माइकमध्ये दुसरं काही येतच नाही, दर पावसाळ्यात ती वैतागायची. मी म्हटलं मग रेकॉर्डिंगच कशाला, जून ते सप्टेंबर कादंबरीचे, आणि गणेश चतुर्थीचं सगळं आवरलं की पॉडकास्टचा सीझन, दहा एपिसोड, संपला की संपला असं आधीच जाहीर करायचं. तीनशे शब्द, आठवड्यातून चार दिवस. म्हणजे आठवड्याला बाराशे, आणि पावसाळ्याच्या सतरा आठवड्यांत वीस हजार, साठ हजारांची कादंबरी धरली तर तिसरा हिस्सा. चतुर्थीच्या आठवड्यात शून्य होणार हे धरूनच चालायचं, माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानांची सजावट, बांधायची की प्रकरण लिहायचं असा प्रश्न घरात काढायचा नसतो. चारातले दोन दिवस ऑफिस सुटल्यावर पाट्टोच्या सेंट्रल लायब्ररीत, बसस्टँडपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे, एक बस सोडायची आणि पुढची धरायची. उठताना पुढचं वाक्य कशाबद्दल असणार ते एका ओळीत लिहून ठेवायचं. अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निकने १९२७ मध्येच मांडलं होतं, आणि मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की पुढचं पाऊल नेमकं ठरवलं की ते घोळणं बरंच कमी होतं. तिला याचा फायदा झाला तो बसमध्ये, गाणी मोठ्याने लागलेली असली तरी झोप लागायला लागली.

वीस हजार झाले नाहीत, पंधराच्या आसपास झाले. ऐकणारे थोडे गळाले, सीझन सुरू झाल्यावर बरेचसे परत आले. बाबा पॉडकास्टवर यायला तयार झालेत, अट एकच, ट्रकचा विषय नाही, गावच्या टेनिस बॉल टुर्नामेंटवर बोलणार. आणि तिचा पुढचा प्रश्नही तयार आहे, कादंबरी छापून आली की तिच्यावर एक पूर्ण सीझन करू का मॅडम? मी म्हटलं उरलेले पंचेचाळीस हजार लिहून घेऊन ये, मग अपॉइंटमेंट देते.