बाबांच्या खात्यातून अजून हप्ता जातो तेव्हा

नागपूर, 9 ऑगस्ट

प्रिय बेटा,

तुझा मेसेज मिळाला. पासबुकाचा फोटो मोठा करून दोनदा पाहिला. 3 जूनला घराचं कर्ज फिटलं, काही देणं बाकी नसल्याचा, नो ड्यूजचा कागद हाती आला, तुझ्या आईनं मानेवाड्याच्या अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. आणि 5 जूनला 21,450 गेले. 5 जुलैला परत तेवढेच. मग चिडून तू बाबांचं खातं जवळजवळ रिकामं केलंस, तर 5 ऑगस्टला 590 गेले. "मावशी, कर्जच नाही तर पैसे काहून कापून राहिले?"

प्रश्न रास्त आहे. पण या तीन नोंदी म्हणजे तीन वेगळी प्रकरणं. एका दमात सगळ्यांवर भांडायला गेलीस तर काउंटरवरचा माणूस तुला या टेबलावरून त्या टेबलावर फिरवेल. मी स्वतः तीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसले आहे, तेव्हा हे ऐकच.

पहिल्या नोंदीवर डोकं तापवू नकोस. हप्ते वसूल करायची यादी तारखेच्या आधीच तयार होऊन पुढे जाते. तुम्ही 3 तारखेला रक्कम भरलीत तेव्हा 5 तारखेची यादी बहुधा निघूनही गेली होती. ते पैसे कर्जखात्यात जादा जमा म्हणून पडलेले असतील. पुष्कळदा ते आपोआप परत येतात. दोन महिन्यांत आले नाहीत, म्हणून आता लेखी मागायचे.

दुसरी नोंद मात्र सरळ चूक आहे, आणि तिचं मूळ एका जुन्या कागदात आहे. कर्ज घेताना बाबांनी वीस ठिकाणी सह्या केल्या असतील. त्यातला एक आडवा, अरुंद फॉर्म होता. त्याला मॅंडेट म्हणतात. पासबुकात 'एसीएच' असं जे दिसतं ते त्याच्याच जोरावर. त्या फॉर्मवर बाबांनी आपल्या बचत खात्याच्या बँकेला सांगून ठेवलंय की अमुक संस्थेनं मागितलं की या रकमेपर्यंत देत जा. ही कमाल रक्कम बहुतेक वेळा हप्त्यापेक्षा जास्तच लिहून घेतात, कारण व्याजदर वाढला तर हप्ताही वाढू शकतो. आता बघ, बचत खात्याच्या बँकेला कर्ज फिटल्याचं कळणार कुठून? तिच्याकडे फक्त परवानगी आहे. मागणारा मागतो, ती देते. कर्ज संपलं, परवानगी जिवंत आहे.

माझंच सांगते. त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटचं कर्ज फेडलं तेव्हा ईसीएसचा, म्हणजे हप्ते आपोआप कापायच्या जुन्या पद्धतीचा जमाना होता. फॉर्मवर शेवटच्या तारखेचा रकाना मी कोरा सोडला होता. बँकेत नोकरी करणारी बाई, लोकांना फॉर्म नीट भरायला सांगणारी! कर्ज फिटल्यावर तीन हप्ते गेले आणि मला पत्ता नाही, कारण खातं तुझ्या काकांचं आणि पासबुक भरायचा त्यांना मनस्वी कंटाळा. पैसे मिळाले परत, पण पाच महिन्यांनी आणि बिनव्याजी. हे ऑफिसात कुणाला सांगितलं नाही मी. तुला पहिल्यांदाच सांगते आहे.

आता ते 590. ती तुझ्या रागाची किंमत. मागणी आली, खात्यात पुरेसे पैसे नव्हते, ती परत गेली. म्हणून बाबांच्याच बँकेनं 500 दंड आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लावला. परवानगी जिवंत असेपर्यंत खातं रिकामं ठेवू नकोस, नाहीतर 5 सप्टेंबरला आणखी 590 जातील. कर्ज देणाऱ्याला लिहिशील तेव्हा हेही मागून घे, कारण मुळात मागणीच चुकीची होती.

पत्रं दोन लिहायची. एक कर्ज देणाऱ्या संस्थेला: कर्ज अमुक तारखेला बंद, त्यानंतर गेलेल्या रकमा अशा, परत करा, मॅंडेट रद्द करा. सोबत नो ड्यूजची आणि पासबुकाच्या त्या पानाची प्रत. दुसरं बाबांच्या बँकेला, त्यांच्या बाजूनं मॅंडेट थांबवण्यासाठी. त्यात यूएमआरएन नावाचा, मॅंडेटच्या ओळखीचा 20 अक्षरांचा नंबर लागतो. नेट बँकिंगमध्ये मॅंडेटच्या यादीत तो दिसतो, नाहीतर शाखेत विचार. यादी उघडशीलच तर पूर्ण बघ. मध्ये कधी कर्ज एका बँकेतून दुसरीकडे हलवलं असेल तर जुनं मॅंडेटही तिथे निघू शकतं. कर्जासोबत गळ्यात मारलेल्या विम्याचा हप्ता वेगळ्या मॅंडेटवर जात असू शकतो. तो मात्र डोळे मिटून बंद करू नकोस, आधी पॉलिसी वाच.

फोन करून काम होत नाही असं नाही, पण फोनची पोच नसते. दोन्ही पत्रांच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय शाखेतून हलायचं नाही. "ईमेल करा ना मॅडम" म्हणाले तर ईमेलही कर, शिक्काही घे.

30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर वर जायचं. कर्ज बँकेचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रार ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे. आपल्याकडे संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची एवढी मोठी इमारत दिसते म्हणून लोक अर्ज घेऊन थेट तिथे जातात. तू उन्हात जाऊ नकोस. पोर्टलवर भर.

बाबा म्हणतात ना, "जाऊ दे, घराचे कागद अजून त्यांच्याकडे आहेत, कशाला दुखवायचं"? त्यांची भीती मला कळते. त्या पिढीला बँक म्हणजे सरकारच. पण त्यांना सांग, रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2023 मध्ये परिपत्रक काढलंय: पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजाही उतरवायचा, संस्थेच्या चुकीनं उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये कर्जदाराला द्यायचे. तुमचे दोन महिने उलटले आहेत. विक्रीपत्र घरी आलं का? नसेल आलं तर तेही पहिल्याच पत्रात टाक. आणि आखीव पत्रिकेची, म्हणजे घराच्या प्रॉपर्टी कार्डाची नवी नक्कल काढ. तिच्यावर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद चढलेली असेल तर ती उतरली का ते बघ. घर विकायला काढल्यावर हे कळलं की धावपळ होते. सिबिलमध्ये, म्हणजे कर्जाचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेच्या अहवालात, कर्ज 'बंद' दिसतंय का, तेही एकदा पाहून घे.

दोन्ही पत्रांचे मसुदे सोबत जोडले आहेत, तारखा कोऱ्या ठेवल्यात. एक गोष्ट विसरू नकोस. बाबा हल्ली मराठीत सही करतात, पण मॅंडेटवर त्यांची जुनी इंग्रजी सही असणार. सही जुळली नाही म्हणून अर्ज परत येतो आणि महिना वाया जातो. बँकेत जायच्या आधी ती जुनी सही त्यांच्याकडून चार-पाचदा वहीत गिरवून घे.

तुझी,
मावशी