पाच नंबर, एक करार आणि एक्झिट चार्जेस

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. फर्मच्या नावावर पाच पोस्टपेड नंबर आहेत, तीन पेढीवर आणि दोन घरी. करार 24 महिन्यांचा आहे आणि त्यासोबत दोन हँडसेट सवलतीत मिळाले. 14 महिने झाले. गोदामात रेंज मिळत नाही म्हणून पोर्ट करायला गेलो, तर कंपनी नंबरामागे 3,000 याप्रमाणे 15,000 रुपये आणि वर जीएसटी मागते. हे पैसे भरावेच लागतील का?

उत्तर : काहीतरी भरावे लागेल, पण 15,000 भरण्याची घाई करू नका.

आधी सही केलेला करार शोधा. कंपनीच्या माणसाने व्हॉट्सअॅपवर टाकलेला आकडा म्हणजे करार नव्हे. लॉक-इनचे, म्हणजे ठरल्या मुदतीआधी सोडल्यास काय, याचे कलम नीट वाचा. दंड प्रत्येक नंबरावर आहे की फक्त हँडसेटवर? महिने सरतील तशी रक्कम कमी होते का? कलम हँडसेटपुरते असूनही पाचही नंबरांवर आकारणी लावलेली असू शकते.

आकडा करारात असला, तरी भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे ती फक्त वरची मर्यादा ठरते. तिच्या आत जेवढी वाजवी, तेवढीच भरपाई. नुकसानच नसेल तर भरपाई नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 च्या कैलाश नाथ प्रकरणात स्पष्ट केले आहे. समजा, हँडसेटमागे 6,000 सवलत मिळाली. दोन्हीचे मिळून 12,000 झाले, म्हणजे 24 महिन्यांत दरमहा 500. उरलेल्या दहा महिन्यांचे 5,000. बाकी तीन नंबरांना नुसते सिम दिले; तिथे कंपनीचे काय अडकले आहे, ते तिने हिशेबाने दाखवावे. हेच लेखी कळवा आणि 5,000 देण्याची तयारी दाखवा.

बिल थकवून भांडू नका. पोर्टिंगसाठी लागणारा कोड, म्हणजे यूपीसी, मिळण्याआधी थकबाकी आणि करारातली बंधने तपासली जातात. कॉर्पोरेट नंबरांना फर्मच्या अधिकृत सहीचे पत्र लागते. नकार आला तर कारणाचा मेसेज जपून ठेवा. फारच अडले तर ‘हक्क राखून’ असे लिहूनच वादातली रक्कम भरा आणि नंतर परत मागा.

रेंजची तक्रार आजवर तोंडीच केली असेल तर तिला फारसे वजन नाही. कस्टमर केअरला तक्रार करून डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घ्या, गोदामातले स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. समाधान झाले नाही तर 30 दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जा. फी नाही, निर्णय 39 दिवसांत व्हायला हवा. दूरसंचार नियामक ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, तिकडे वेळ घालवू नका.

पुढचा टप्पा सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमची तक्रार तिथे चालते, यावर सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये शिक्कामोर्तब केले. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षे. पण तुमच्या बाबतीत खरी अडचण इथेच आहे. व्यापारासाठी घेतलेली सेवा असेल तर ‘ग्राहक’ ठरणे अवघड. बिलावरच्या जीएसटीचे क्रेडिट (फर्मच्या करातून वजावट) फर्मने घेतले असेल, तर कंपनीचा वकील पहिला कागद तोच पुढे करेल. स्वयंरोजगाराचा अपवाद कायद्यात आहे, पण भागीदारी आणि नोकरचाकर असलेल्या पेढीला तो सहजी लागू होत नाही. घरच्या दोन नंबरांपुरती बाजू त्यामानाने बरी आहे. व्यापारी ठरलात तर दिवाणी न्यायालय उरते, पण 15,000 साठी ती पायरी मी सुचवणार नाही.

तक्रारीत ‘अनुचित करार’ हे शब्द जपून वापरा. तो विषय राज्य आयोगाचा आहे, जिल्ह्याचा नाही. ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या मुद्द्यांवर मागणी बांधा.

पोर्ट होताना नंबर काही तास बंद राहतो, तेव्हा सौद्याचा दिवस टाळा. आणि घरचे दोन नंबर फर्मच्या नावावरून काढायचे असतील तर ते पोर्टिंगनंतर काढा; नावबदल अर्धवट असताना यूपीसी मिळत नाही.