वडिलांना पार्किन्सन्स आहे. सिंडोपासोबत कुहिलीची पावडर आणि झोपेसाठी सर्पगंधा घनवटी दिली तर चालेल का?

सर्पगंधेचं तुम्ही शेवटी सहज विचारलंय, पण मला भीती तिचीच जास्त वाटते. तिच्या मुळीत रेसरपीन असतं. ते मेंदूतल्या पेशींमधला डोपामिनचा, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या रसायनाचा, साठा रिकामा करतं, आणि तुमच्या वडिलांकडे तोच तुटपुंजा उरलाय. १९५७ मध्ये स्वीडनच्या अरविद कार्लसन यांनी सशांना रेसरपीन दिलं, तर ससे जागीच थिजले. मग लेव्होडोपा, म्हणजे ज्यापासून मेंदूत डोपामिन बनतं ते द्रव्य, दिल्यावर ते हलू-फिरू लागले. सिंडोपात तोच लेव्होडोपा आहे. म्हणजे घागरीत पाणी ओतायचं आणि तळाला भोकही पाडायचं! शिवाय रेसरपीननं रक्तदाब उतरतो. या आजारात उठताना आधीच चक्कर येते.

घनवटीच्या डबीवरचे घटकही वाचा. जुन्या कृतीत सर्पगंधेबरोबर खुरासनी ओवा आणि भांग असते. खुरासनी ओव्यातली द्रव्यं धोतऱ्याच्या जातकुळीतली. वडिलांना कंपासाठी दिली जाणारी पॅसिटेन ही गोळी चालू असेल तर तीही त्याच अंगानं काम करते. दोन्ही मिळून लघवी अडकणं, बद्धकोष्ठ, भ्रम, भास.

आता कुहिली. तिच्या बियांत लेव्होडोपा खरोखरच असतो. १९३७ मध्येच भारतीय संशोधकांनी तो वेगळा काढला होता. पण सिंडोपातला दुसरा घटक, कार्बिडोपा, पावडरीतला लेव्होडोपाही वाटेत मोडू देत नाही, त्यामुळे तो नेहमीपेक्षा जास्त मेंदूत पोचतो. आणि चमच्यात तो नेमका किती, हे कुणी मोजलेलं नसतं.

आमच्याकडे हेच झालं. एका नातलगानं पावडर आणली, आईला रोज चमचाभर देऊ लागलो. चार दिवस चाल सुधारली, सगळे खूश. दहाव्या दिवसापासून हात-मान आपोआप वळवळायला लागली. एका रात्री ती खुंटीवरच्या साडीला ‘बसा, चहा टाकते’ म्हणाली. आम्हाला वाटलं, आजार वाढला. न्यूरॉलॉजिस्टनं पहिलाच प्रश्न केला, ‘गोळ्यांशिवाय आणखी काय देता?’ पावडर थांबवल्यावर आठवडाभरात ती सावरली.

पावडर सुरू केली म्हणून सिंडोपा मात्र मनानं बंद करू नका. ती एकाएकी तोडली तर अंग लाकडासारखं ताठून ताप चढू शकतो, जिवावर बेततं. घनवटी आधीच सुरू केली असेल तर डबी घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा. झोप लागत नाही हेही त्यांनाच सांगा. पुष्कळदा रात्रीच्या गोळीची वेळ बदलूनही फरक पडतो.