सासूबाईंना सगळं ऐकू येतं

ताई, मी 37 वर्षांची आहे. जळगावला पिंप्राळ्यात आमचं घर, दोन खोल्या आणि हॉल. नवरा पाइपच्या कारखान्यात शिफ्टला जातो, मुलगा आठवीत आहे. काचबिंदूने सासूबाईंची नजर गेली, आता त्यांना फक्त उजेड-अंधार कळतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना अमळनेर तालुक्यातल्या गावाहून इकडे आणलं. त्या दिवसभर हॉलमधल्या खाटेवर बसतात आणि घरातला एकूण एक आवाज टिपतात. फ्रिज उघडला की ‘काय काढलं?’, दार वाजलं की ‘कोन उनं वं?’ (कोण आलं गं?), फोन ठेवला की ‘कुणाचा होता?’ कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजतात. मी स्वतःच्या घरात चवड्यांवर चालायला लागले आहे. माझे आवाज झाकायला टीव्ही मोठा लावून ठेवते. उन्हाळ्यात तर दर पाच मिनिटांनी त्यांच्या हाका चालू होत्या. गेल्या आठवड्यात बाथरूममध्ये नळ सोडून रडले, तर रात्री त्यांनी यांना विचारलं, ‘ती रडत होती का?’ मला रडायलाही जागा उरली नाही. त्यांचं हे कान लावणं कसं थांबवू? की गावी धाकट्या दिरांकडे पाठवून देऊ?
— एक सून, जळगाव

बाई गं, स्वतःच्या घरात चवड्यांवर चालावं लागणं हा खरा जाच आहे. ‘एवढं काय त्यात’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. दोन वर्षं एका माणसाचं सगळं तू करते आहेस, आणि घरात तुझ्या वाट्याला एक कोपरा आलेला नाही. तो कोपरा तुला मिळालाच पाहिजे, त्याबद्दल पुढे लिहिते.

पण त्यांनी ऐकायचं थांबवावं, हे होणार नाही. काचबिंदूत डोळ्यामागची नस हळूहळू निकामी होते. बहुतेकांची आधी कडेची नजर जाते, मधली सगळ्यात शेवटी, आणि गेलेली नजर परत येत नाही. म्हणजे तुझ्या सासूबाईंना तुम्ही इकडे आणलंत, त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचं दिसणं आक्रसत आलं असणार. उंबरा, पायरी, शेजारून जाणारं माणूस, हे सगळं त्या तेव्हापासूनच कानांनी सांभाळत असतील. या वयात नजर गेली म्हणून कान काही जास्त तिखट होत नाहीत. कान तेच असतात, सगळं लक्ष मात्र तिकडे जातं.

आता फ्रिजचंच घे. तू दार उघडलंस तर मला एका नजरेत कळेल की सून दूध काढतेय, चहा होणार. त्यांना काय मिळतं? दाराचं रबर सुटल्याचा एक फट्ट आवाज. पुढचं सगळं विचारूनच कळणार. ‘कोन उनं वं?’ हा तर त्यांच्यासाठी जिवाचा प्रश्न आहे. आपल्या खाटेपासून चार हातांवर कोण उभं आहे हे माहीत नसताना गप्प बसून बघ, मग कळेल. फोनच्या चौकशीत थोडी सासू आहे, हे मलाही मान्य आहे. पण दहातले आठ प्रश्न तरी पाळतीचे नाहीत, असं तुझ्या पत्रावरून मला स्पष्ट दिसतं.

आणि ते मुख्यतः उन्हाळ्याच्या त्या एका ओळीवरून दिसतं. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे काय हे खान्देशाबाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर, आणि खिडकीतला पत्र्याचा कूलर सकाळी दहापासून रात्रीपर्यंत घरघरत असतो. त्या घरघरीत पावलं बुडतात, बांगड्या बुडतात, नातवाची सायकल कधी आली ते कळत नाही. त्यावर तुझा मोठा टीव्ही. म्हणजे त्यांच्या घरातला उरलासुरला दिवाही विझला. दर पाच मिनिटांनी हाक मारून त्या इतकंच बघत होत्या की घरात कुणी आहे की नाही. तू आवाज झाकत गेलीस तशा त्यांच्या हाका वाढत गेल्या.

म्हणून पहिलं काम, टीव्ही बंद कर. ज्याला बघायचा आहे त्याने बघायला बसल्यावरच लावायचा. उन्हाळ्यात कूलर त्यांच्या कानाशी नको, लांबच्या खिडकीत हलव, आणि दिवस कलल्यावर तासभर बंद ठेव.

दुसरं काम थोडं वेगळं आहे, आणि माझी सगळी भिस्त त्यावरच आहे. दुपारी चारच्या सुमारास, चहा टाकायच्या आधी, त्यांच्या खाटेवर जाऊन बस. मोबाइल आत ठेवून दे. विचार, ‘आई, आत्ता काय काय ऐकू येतंय?’ आणि त्या सांगतील ते तूही ऐक. पहिले दोन-चार दिवस तुला फक्त पंखा आणि रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येतील. त्यांना त्याच्यापलीकडचं येत असतं.

तुमच्याकडे नळ रोज येत नसेल, खान्देशातल्या कितीतरी घरांत येत नाही. पाणी येण्याआधी पाइपात अडकलेली हवा पुढे ढकलली जाते आणि तोटीतून फुसफुस सुरू होते, मग गुळगुळ, मग धार. ती पहिली फुसफुस घरात सगळ्यात आधी कुणाला कळत असेल? तोटी उघडी ठेव आणि हे काम त्यांच्याकडे दे. ‘पानी उनं’ ही हाक त्यांची. हंडा तोटीखाली लावलास की भरता भरता आवाज बारीक होत चढत जातो, कारण आतली हवेची जागा कमी होत जाते. खाटेवरून ‘बंद कर, भरला’ असं सांगणं त्यांना सहज जमेल, आणि तुला तिथे उभं राहायला नको. एक गंमत नातवाला करू दे. एका पेल्यात गरम पाणी ओतायचं, दुसऱ्यात माठातलं, आणि आजीला ओळखायला सांगायचं. गरम पाण्याचा आवाज जरा जाड, बसका येतो. डोळे मिटून त्यालाही ओळखता येईल.

थंडीत त्या म्हणाल्या की आज आगगाडी घराजवळून गेल्यासारखी वाटली, तर भ्रम समजू नकोस. निरभ्र रात्री जमीन लवकर गार होते, तिला लागून गार हवेचा थर बसतो आणि वर उबदार हवा राहते. त्यामुळे वर जाणारा आवाज खाली वळतो आणि लांबवर पोचतो. रुळांचा खडखडाट जवळ आला की गारठा वाढणार, असा अंदाज त्या गावी असतानाही बांधत असतील. विचारून तर बघ. अमळनेरकडच्या गावात आयुष्य गेलेल्या बाईच्या कानात काय काय साठलं असेल! चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं तडतडणं, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोक्याच्या दोरानं फांदीचं करकरणं, शेजारणीची भाकरी थापणं. तिथे त्यांना दहा घरांचे आवाज ओळखीचे होते. इथे एकच घर ओळखीचं आहे, तुझं.

आता त्यांच्या प्रश्नांचं. त्यांनी विचारायच्या आत तू सांगून टाक. खोलीत आलीस की ‘आई, मी आले’, निघालीस की ‘आई, गच्चीवर कपडे वाळत घालून येते’. न सांगता उठून गेलं की त्या रिकाम्या खोलीशी बोलत बसतात आणि मग ओशाळतात. हात लावायच्या आधी आवाज दे. मुलाला आणि नवऱ्यालाही हीच सवय लाव. काही दिवस तोंड दुखेल, मग चौकश्या कमी होतील.

आणि तुझा कोपरा. आतली खोली रोज ठरलेल्या वेळी तुझी. दार लावायचं, कडी घालायची, आणि हे लपूनछपून नाही तर त्यांना सांगून करायचं: ‘आई, आता तासभर मी आत आहे, माझ्या बहिणीशी बोलणार आहे. त्यातलं काही विचारू नका, सांगण्यासारखं असेल ते मीच सांगेन.’ हे स्पष्ट, सरळ आवाजात सांग. त्यांना तुझा चेहरा दिसत नाही, त्यामुळे राग नाही हे आवाजातूनच कळायला हवं. त्या तासात हाका आल्या तर मुलाने किंवा नवऱ्याने उठायचं. शिफ्ट सगळ्यांच्याच असतात, तुझीही आहे.

रडण्याच्या गोष्टीवर मी बराच विचार केला. त्यांनी तुला न विचारता मुलाला विचारलं, हे चुकलंच, आणि तसं तू त्यांना म्हणू शकतेस. पण नळाच्या धारेआडून, बंद दारापलीकडून तुझं रडणं त्या घरात एकाच माणसाला ऐकू आलं. नवऱ्याला आईने विचारल्यावर त्याने पुढे काय केलं, ते तू लिहिलेलं नाहीस. मला वाटतं त्या रात्री तुझा खरा राग त्याच्यावर असायला हवा होता. चारच्या त्या बैठकीत एक दिवस धीर करून म्हण, ‘आई, त्या दिवशी मी रडत होते.’ त्या काय म्हणतील ते मला सांगता येणार नाही. पण तू बोललीस तर ऐकायला तिथे कुणीतरी असेल.

दवाखान्याची दोन कामं राहिली, ती टाळू नकोस. उजेड-अंधार कळतोय तोवर डॉक्टरांनी दिलेले थेंब त्यांच्या सल्ल्याशिवाय बंद करायचे नाहीत, आणि सासूबाईंचे कानही तपासून घ्या. वयाने आधी बारीक, उंच आवाज जातात. ‘स’, ‘श’ नीट कळेनासे होतात, माणूस ‘काय?’ ‘काय?’ करायला लागतो. त्यांचं सगळं घर कानांवर उभं आहे, तर ते लवकर कळलेलं बरं. दुसरं, काचबिंदू घराण्यात चालू शकतो आणि सुरुवातीला बहुतेकदा दुखत-खुपत नाही. तुझ्या नवऱ्याने डोळ्यांचा दाब आणि मागची नस तपासून घ्यायलाच हवी, धाकट्या दिरांनीही. तपासणीला फार वेळ लागत नाही, त्याच्याकडून याच महिन्याची तारीख घे.

गावी पाठवण्याचं आत्ता ठरवू नकोस. टीव्ही बंद ठेवून, दार लावून, चारला त्यांच्याजवळ बसून एवढी दिवाळी जाऊ दे. त्यानंतरही तुझा जीव घुसमटत असेल तर दोघा भावांनी सहा-सहा महिने वाटून घ्यावेत, त्यात गैर काही नाही. फक्त निर्णय त्यांच्या पाठीमागे कुजबुजत घेऊ नका, ती कुजबुज त्यांना ऐकू येणारच आहे. समोर बसून विचारा, ‘आई, तुम्हाला कुठे राहायचंय?’